रोपांचा जबाब

त्या सोमवारी सकाळी रत्नमाला साळुंखे शेडनेटचं दार सरकवून आत गेली आणि पहिल्याच मांडणीपाशी थबकली. टोमॅटोची रोपं वाकडी झाली होती. खोडं मधूनच पिळवटलेली, पानांच्या कडा आत मुडपलेल्या, शेंड्याची कोवळी पानं घडीच्या पंख्यासारखी चुणलेली. एका ट्रेमध्ये अठ्ठ्याण्णव रोपं असतात. त्यातलं एकही सरळ उभं नव्हतं. ती पुढच्या ट्रेकडे गेली, मग त्याच्याही पुढच्या. अर्ध्या शेडची फेरी झाल्यावर ती तिथल्याच एका बादलीवर मटकन बसली.

गुरुवारी संध्याकाळी ती आणि तिचा नवरा विलास मामेबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते. तीन दिवस कामाला येणाऱ्या दोघी बायकांनी पाणी दिलं होतं. रोपं जरा मलूल दिसतात, उन्हानं असतील, असं त्यांनी फोनवर सांगितलंही होतं. पण ही उन्हाची करणी नव्हती. सतरा वर्षांच्या रोपवाटिकेत रत्नमालेनं मर रोग पाहिला होता, नागअळी पाहिली होती, एका वर्षी गारपिटीनं सगळं शेडनेट जमिनीवर आलेलं पाहिलं होतं. अशी पिळवटलेली मान एकाच गोष्टीनं होते. टू-फोर-डी. उसातलं रुंद पानांचं तण मारायचं औषध.

आणि कुंपणापलीकडे ऊस होता. बळवंतअण्णा चौगुल्यांचा तीन एकर सुरू हंगामातला ऊस. गुरुवारी दुपारी चार वाजता त्यावर अण्णांचा ड्रोन घोंघावत होता, तो तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. लांबून हातसुद्धा केला होता.

बळवंतअण्णांचं वय एकाहत्तर. सांगली जिल्ह्यातल्या त्या शिरटेकवाडीत २०४१ साली घरटी एक ड्रोन असला, तरी चालवणारी सगळी पंचविशी-तिशीतली. अण्णांनी अडुसष्टाव्या वर्षी फवारणी चालकाची परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. तो परवाना काचेच्या चौकटीत घालून त्यांनी सोप्यात लग्नाच्या फोटोशेजारी लावला होता. रत्नमालेचा आणि त्यांचा संबंध शेजाराच्या पलीकडचा होता. बालवाडीची नोकरी सोडून तिनं पहिला शेड उभा केला, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. अण्णांनी मात्र आपल्या विहिरीचं पाणी दिलं, आणि रोप हातात धरून मुळं कशी बघायची ते शिकवलं. तेव्हापासून रोज दुपारी चारला ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे जायची आणि अण्णांच्या बायकोच्या, कमलाक्कांच्या हातचा चहा पिऊन यायची.

त्या सोमवारी ती चारची वाट न बघता सकाळी आठलाच गेली. हातात एक ट्रे होता.

"अण्णा, हे बघा."

अण्णांनी चष्मा चढवला. ट्रे उजेडात धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई," ते हळूच म्हणाले. "कधी झालं हे?"

"ते तुम्हीच सांगा. गुरुवारी वारं होतं का नव्हतं?"

"वारं..." अण्णा अडखळले. "होतं थोडं. पण तुझ्याकडनं माझ्याकडं होतं, रत्ना."

"चार वाजता तसं होतं. साडेचारला? पाचला?"

अण्णांनी ट्रे खाली ठेवला. आतून कमलाक्का हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं गं? सकाळी सकाळी?"

"अठ्ठेचाळीस हजार रोपं गेली माझी, काकू. बारा जणांनी शेतं तयार करून ठेवलीत. त्यांना काय सांगू?"

ती रडली नाही. रडली असती तर कदाचित गोष्ट तिथंच मिटली असती. ती तशीच परतली, मोबाईल उघडला आणि कृषी कार्यालयाच्या पानावर तक्रार टाकली. दोन वर्षांपूर्वीच्या नव्या फवारणी नियमांनुसार वाऱ्यावर उडालेल्या औषधानं शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर सुनावणी होईपर्यंत चालकाचा परवाना स्थगित व्हायचा. दुपारी दोन वाजता एक माणूस येऊन अण्णांच्या ड्रोनला लाल पट्टी चिकटवून गेला.

चार वाजले. रत्नमाला कुंपणापाशी गेली नाही. पलीकडून कुणी हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉ. शबनम मुजावर आली. जिल्ह्याच्या संशोधन केंद्रातली ही तिशीतली, मिरजेची मुलगी, स्कूटरच्या मागे मिक्सरएवढं एक यंत्र बांधून आली होती. सरकारी कागदावर त्या यंत्राला ‘पादप आरएनए विश्लेषक’ म्हणत. गावोगाव त्याचं नाव पडलं होतं जबाब मशीन.

"मॅडम, हे खरंच सांगतं? कुणी मारलं ते?" रत्नमालेनं विचारलं.

"कुणी ते नाही सांगत, ताई. काय झालं, कुठून झालं आणि कधी झालं ते सांगतं. बाकीचं माणसांनी ओळखायचं." शबनमनं एक रोप अलगद उपटलं, चिमट्यानं त्याचे तीन तुकडे केले. शेंडा, खोड, मूळ. तिन्ही तीन नळ्यांत टाकून नळ्या यंत्रात बसवल्या. "पाऊण तास लागेल."

पाऊण तासात तिनं रत्नमालेला सगळं समजावलं. शबनमला शिकवायची हौस होती आणि रत्नमालेला ऐकायची.

"प्रत्येक पेशीत एक जाड पुस्तक असतं असं समजा. डीएनए. रोपाचं सगळं काही त्यात लिहिलेलं. ते पुस्तक कपाटातून बाहेर काढायचं नाही असा नियम. मग स्वयंपाकघरात काम कसं चालणार? तर हव्या त्या पानावरून एक चिठ्ठी लिहायची आणि ती आत पाठवायची. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिनं तयार होतात, काम झालं की चिठ्ठी फाडून टाकायची."

"बरं."

"आता किती चिठ्ठ्या लिहायच्या, कुठल्या लिहायच्या, हे सांगणारे काही निरोपे असतात. ऑक्झिन हा त्यातला एक. तो रोपाच्या शेंड्यात तयार होतो आणि ‘वाढा’ असा निरोप देत खाली जातो. अगदी चिमूटभर असतो, आणि काम झालं की रोप त्याला मोडून टाकतं. टू-फोर-डी हा त्याचाच तोतया. तोही ‘वाढा’ म्हणतो. फरक एवढाच की टोमॅटोला तो लवकर मोडता येत नाही. तो ‘वाढा, वाढा’ म्हणतच राहतो."

"आणि उसाला काही होत नाही."

"ऊस, ज्वारी, गहू, ही गवताच्या कुळातली. त्यांना तो लवकर निकामी करता येतो, आणि त्यांच्या अंगात तो फारसा फिरतही नाही. टोमॅटोत मात्र बघा काय होतं." शबनमनं पिळवटलेल्या खोडाचा खालचा फुगीर भाग दाखवला. "हा भाग वाढ संपवून शांत बसलेला होता. तोतया आला आणि इथं चिठ्ठ्यांचा ढीग पडला. आरएनए कितीतरी पटींनी वाढतो. मग पेशी पुन्हा विभागायला लागतात, डीएनएच्या नव्या प्रती निघतात, खोड सुजतं. आणि शेंडा, जिथं खरी वाढ व्हायची, तिथं चिठ्ठ्या लिहिणंच मंदावतं. सगळं अन्न खालीच अडतं."

रत्नमालेला त्याही परिस्थितीत हसू आलं. "म्हणजे म्हातारे नाचायला लागले आणि पोरं उपाशी बसली."

"अगदी!" शबनम म्हणाली. "हे मी आमच्या केंद्रात सांगणार."

यंत्रानं टिंग केलं. शबनम पडद्यावरचे आलेख बघू लागली. बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं आणखी तीन ट्रेमधली रोपं घेतली. मग विचारलं, "कुंपणाला लागून जी मांडणी आहे, त्यातली रोपं कधी पेरलेली?"

"ती सगळ्यात लहान. दोन आठवड्यांपूर्वीची. उगवून आठच दिवस झालेत."

"ती चक्क सरळ आहेत, ताई."

रत्नमाला जाऊन बघून आली. खरंच, उसाच्या अगदी अंगावर असलेली ती मांडणी ताठ उभी होती. सोमवारपासून तिनं त्या बाजूला नीट पाहिलंच नव्हतं. शबनमनं त्यांतलीही दोन रोपं यंत्रात घातली. ती स्वच्छ निघाली.

"वाऱ्यानं औषध आलं असतं तर आधी पानांना लागलं असतं," शबनम सावकाश म्हणाली. "पहिला गोंधळ पानांत दिसला असता. इथं तो मुळात सुरू झालाय. औषध वरून पडलेलं नाही. खालून आलंय, पाण्यातून. आणि दुसरी गोष्ट वेळेची. काही चिठ्ठ्या अर्ध्या तासात फाटतात, काही दोन-तीन दिवस टिकतात. उरलेल्या चिठ्ठ्या आणि डीएनएच्या नव्या प्रती यांचा मेळ घातला की वेळ निघते. यंत्र म्हणतंय, एकशे पंचेचाळीस तास. चार-पाच तास इकडे-तिकडे."

रत्नमालेनं बोटांवर मोजलं. मंगळवारपासून मागे. सोमवार, रविवार, शनिवार... ती बुधवार सकाळपर्यंत पोचली आणि तिचं बोट तिथंच थांबलं.

"अण्णांनी गुरुवारी दुपारी फवारलं," ती म्हणाली.

"हो. मग बुधवारी सकाळी काय झालं?"

बुधवारी सकाळी आळवणी झाली होती. समुद्री शेवाळाचा अर्क पाण्यात मिसळून रोपांच्या मुळाशी सोडायचा, दहा दिवसांवरच्या रोपांना. लहान रोपांना ती देत नसे. नव्या पंपाची बॅटरी त्या दिवशी बसली होती. मग तिनं खोलीच्या मागच्या खुंटीवरचा जुना पिवळा पंप काढला होता. तोच पंप, ज्यानं पावसाळ्यात तिनं स्वतः रस्त्याकडेच्या गाजरगवतावर टू-फोर-डी मारलं होतं.

"पण मी तो धुतला होता, मॅडम. तीन पाण्यांनी."

शबनमनं मान हलवली. "हे औषध नळीच्या रबरात आणि वायसरमध्ये जाऊन बसतं. साध्या पाण्यानं निघत नाही. बघूया."

त्यांनी पंपात तांब्याभर पाणी घालून हलवलं, नळीतून बाहेर काढलं आणि कुंपणाकडची पाच निरोगी रोपं त्या पाण्यात ठेवली. पाच दुसरी विहिरीच्या पाण्यात. दोन तासांनी शबनमनं दोन्हींचा जबाब घेतला. विहिरीच्या पाण्यातली रोपं शांत होती. पंपाच्या पाण्यातल्या रोपांच्या मुळांत चिठ्ठ्यांची धांदल उडालेली होती.

रत्नमालेनं पदरानं तोंड पुसलं. तिला आपल्याच आवाजात "वारं होतं का नव्हतं?" हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं.

"अहवाल आधी तक्रारदाराला मिळतो," शबनम यंत्र बांधता बांधता म्हणाली. तिनं मुद्दामच रत्नमालेकडे पाहिलं नाही. "तुम्ही तक्रार मागे घेतलीत, तर तो कुणापुढे जात नाही. नियम तसाच आहे. शुक्रवारी सुनावणी आहे. ठरवा तुम्ही."

मग जाता जाता म्हणाली, "आणि रोपं एवढ्यात टाकू नका. मात्रा फार नाही. स्वच्छ पाण्यानं ट्रे धुऊन काढा, रोज. नंतर पेरलेली, दुसऱ्या खेपेची तरी दहा-पंधरा दिवसांत शेंडा पुन्हा धरतील असं आलेख सांगतात. मोठी पहिली खेप मात्र मला संशोधनाला द्या."

विलास सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायचा. संध्याकाळी त्यानं सगळं ऐकलं आणि लगेच उत्तर काढलं.

"मागे घे तक्रार. अर्जात ‘गैरसमज झाला’ असं लिही. अण्णांचा ड्रोन सुटला, प्रश्न मिटला."

"आणि आपला पंप?"

"पंप जाळून टाक. रत्ना, तू रोपं विकतेस. रोपवाटिकेच्या बाईनं स्वतःच रोपांना तणनाशक पाजलं, हे एकदा बाहेर गेलं की पुढच्या हंगामात कोण येईल? अण्णांचं नुकसान होत नाहीये ना? मग?"

यात चूक काही काढता येईना. तिनं अर्ज भरला. ‘कारण’ या रकान्यात ‘गैरसमज’ असा एकच शब्द लिहिला. बुधवारी आणि गुरुवारी ती ट्रे धूत राहिली. चार वाजले की कुंपणाकडे पाठ करून धुवायची. बारा शेतकऱ्यांना तिनं फक्त "थोडा उशीर होईल" एवढंच कळवलं. अण्णा दोन्ही दिवस उसात दिसले नाहीत.

शुक्रवारी अकराला ती तालुक्याच्या कृषी कार्यालयात पोचली. बेत साधा होता. अर्ज द्यायचा, सही करायची, निघायचं. बाहेरच्या बाकावर अण्णा आणि कमलाक्का बसले होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. रत्नमालेनं "अण्णा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून पुकारा झाला.

डांगे साहेब नावाचे अधिकारी टेबलामागे बसले होते. त्यांच्यापुढे फायलींची चळत होती, अशाच तक्रारींची. त्यांनी वर न बघता विचारलं, "चौगुले कोण? तुमचं म्हणणं काय आहे?"

अण्णा उभे राहिले. टॉवेल सोडला. आत काचेच्या चौकटीतला परवाना होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, वकील-बिकील काही नको. चूक माझी आहे."

रत्नमालेच्या हातातला अर्ज तसाच राहिला.

"शेवटची फेरी राहिली होती," अण्णा सांगत होते. "चार गुंठे. वारं फिरलं. ड्रोन आवाज द्यायला लागला, की आता थांबा. मी म्हटलं, एवढं उरकून टाकू. हट्टानं उरकलं. या पोरीची सतरा वर्षांची मेहनत आहे, साहेब. मी तिला रोपं धरायला शिकवलं, आणि मीच तिची रोपं मारली. परवाना घ्या. माझं वय झालंय. मी काय आता पुन्हा परीक्षा देत नाही."

कमलाक्का पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या.

डांगे साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. असा माणूस त्यांच्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच आला होता. "साळुंखेबाई, तुम्हाला काही सांगायचंय? की मान्य आहे?"

घरून निघताना पाठ केलेलं वाक्य रत्नमालेच्या ओठावर होतं. ‘गैरसमज झाला, तक्रार मागे घेते.’ तेवढं म्हटलं असतं तर अण्णांना परवाना परत मिळाला असता. पण ते जन्मभर असंच समजले असते, की रोपं आपणच मारली आणि रत्नानं मोठ्या मनानं सोडून दिलं. ते तिच्यासमोर चहाचा कप ठेवताना दर वेळी खाली बघतील, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

"मान्य नाही, साहेब," ती म्हणाली. "अण्णांनी नाही मारली. मी मारली."

"काय?"

"मी. माझ्या पंपानं." आणि तिनं पिशवीतून शबनमचा अहवाल काढून परवान्याशेजारी ठेवला. मग सगळं सांगितलं. बुधवारची आळवणी, बसलेली बॅटरी, जुना पंप, तीन पाणी, मुळातून आलेलं औषध, कुंपणाकडची ताठ रोपं. बोलताना एकदा आवाज फुटला. "मंगळवारपासून मला माहीत होतं. मी गुपचूप तक्रार मागे घ्यायला आले होते. तेही सांगून टाकते."

डांगे साहेबांनी अहवाल ओढून घेऊन वाचला.

"एक मिनिट," डांगे साहेब म्हणाले. "म्हणजे यांनी वाऱ्यात ड्रोन उडवला, पण औषध तुमच्याकडे आलं नाही. आणि तुम्ही तक्रार केली, पण औषध तुमचंच होतं."

"हो साहेब."

"आणि दोघंही म्हणताय, चूक माझी."

"तिची कशानं? फेरी मी मारली की नाही?" अण्णा चिडून म्हणाले.

"अहो अण्णा, पण तुमच्या फेरीचा काही संबंधच नाही!"

"आवाज देत होता ना ड्रोन? मग संबंध कसा नाही?"

"भांडू नका!" डांगे साहेब ओरडले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. कमलाक्का पदराआडून हसल्या, आणि मग रत्नमालाही, डोळे पुसता पुसता. अण्णा तेवढे गंभीर राहिले. साहेबांनी इशारा न जुमानल्याबद्दल अण्णांना लेखी समज दिली, तक्रार निकाली काढली आणि परवान्याची चौकट त्यांच्या हातात परत दिली.

बाहेर आल्यावर मात्र अण्णा रत्नमालेशी बोलले नाहीत. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "मंगळवारपासून माहीत होतं तुला. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही." रिक्षा निघून गेली.

ते तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. घरी येऊन ती आधी फोन घेऊन बसली. बारा शेतकऱ्यांना एकेक करून खरं सांगितलं. तिघांनी दुसरीकडून रोपं घेतो म्हणून फोन ठेवला. एकानं चार शब्द सुनावले, तिनं ऐकून घेतले. कवठेमहांकाळकडच्या एक बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "सतरा ठिकाणची रोपं आणली असतील मी आजवर. वाकडी निघाली की सगळे म्हणायचे, तुमच्या जमिनीचा दोष. स्वतःचा म्हणून सांगणारी तू पहिलीच. थांबते मी पंधरा दिवस. जमीन कुठं पळून जात नाही." सुनावणारा धरून बाकीचे आठ जणही थांबले.

विलास दारात उभा राहून ऐकत होता. शेवटचा फोन झाल्यावर तो म्हणाला, "माझं गणित चुकलं."

"तुझं गणित बरोबर होतं," रत्नमाला म्हणाली. "मला ते सोडवता आलं नाही, एवढंच."

अण्णांचा राग पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी सकाळी कमलाक्का कुंपणाच्या फटीतून डोकं काढून म्हणाल्या, "ये गं आता. घरात बसून नुसते माझ्यावर खेकसतात. तुझ्यावर खेकसू देत जरा."

अण्णा ओट्यावर ड्रोनची पाती पुसत बसले होते. त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "शिक्षा आहे तुला."

"सांगा."

"ड्रोन शिकायचा. माझ्याकडनं. परीक्षा द्यायची. म्हणजे वारं कुठनं कुठं होतं ते पुन्हा मला विचारायला येणार नाहीस."

"मी नापास झाले तर?"

"दोनदा व्हायची परवानगी आहे," अण्णा म्हणाले. मग त्यांच्या मिशीखाली इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू अखेर फुटलंच.

दुसऱ्या खेपेच्या रोपांनी बाराव्या दिवशी शेंडा धरला. खालची पानं पंख्यासारखीच राहिली, पण वर दोन नवी पानं आली, सपाट, कडा सरळ. रत्नमालेनं मिरजेला फोन केला, तेव्हा शबनमचा आनंद तिच्याहून जास्त होता. पहिल्या खेपेच्या रोपांच्या सुजलेल्या खोडांवर शंभर ठिकाणी मुळं फुटली होती, आणि शबनम त्यांवर दिवस-रात्र काहीतरी मोजत होती. "ताई, एक काम आहे," ती म्हणाली. "मार्चमध्ये आम्ही तालुक्यातल्या शेतकऱ्यांचं शिबिर घेतोय. मी आरएनए सांगेन. तुम्ही पंप सांगा."

"मी काय सांगू? माझी फजिती?"

"तीच."

शिबिराला दीडशे माणसं होती. रत्नमालेनं बालवाडीतल्या सवयीनं हातवारे करत सांगितलं: म्हातारे कसे नाचले, पोरं कशी उपाशी बसली, आणि नाच लावून देणारी बाई कोण निघाली. माणसं हसली. मग तिनं पंप टेबलावर ठेवून खोलून दाखवला. वायसर, नळी, जाळी. आधी पाण्यानं, मग अमोनियाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, मग पुन्हा पाण्यानं. आणि त्याहून सोपं म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, त्यावर लाल रंग मारायचा. भाषण संपल्यावर ती खाली उतरली, तर सात-आठ जण तिच्याभोवती घुटमळत होते. कुणी मोठ्यानं काही विचारेना. एक जण कानाशी येऊन म्हणाला, "बाई, तीन पाण्यांनी धुतलेला आमचाही आहे."

सोमवारी सकाळी तिचा फोन वाजला. डांगे साहेब होते.

"साळुंखेबाई, काय सांगितलंत हो तुम्ही लोकांना? सकाळपासून माझ्या दारात रांग लागलीय."

"का साहेब? नव्या तक्रारी?"

"मागे घ्यायला! चौदा तक्रारी होत्या, त्यातल्या नऊ मागे घेतल्या. एकेकाचं तोंड बघा म्हणजे कळेल. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारतात. मी म्हटलं, खरं लिहा, साळुंखेबाईंनी सांगितलं तसं."

रत्नमाला हसायला लागली. पलीकडून साहेबांनी घसा साफ केला आणि आवाज उगाचच खाली आणला.

"बाई, आणखी एक. आमच्या घरामागे वांग्याची पाच-पन्नास झाडं आहेत. गेल्या महिन्यापासून पानं चुणल्यासारखी झालीत. मी शेजारच्यांना जरा बोललोही होतो. तर... तो पंप नक्की किती वेळ भिजवायचा म्हणालात?"